जुन्या फंक्शनला हात लावू नका

संपादक महोदय,

कापसाचा हंगाम सुरू झाला की जिनिंगच्या काट्यावर गाड्यांची रांग लागते. त्या काट्याच्या संगणकावर वजन नोंदवणारा प्रोग्राम अनेक ठिकाणी सी भाषेतला असतो आणि कित्येक वर्षांपूर्वी कंपाइल केलेला (यंत्राच्या भाषेत उतरवलेला) असतो. त्याच्या आणि डेटाबेसच्या मध्ये एक क्लायंट लायब्ररी, म्हणजे डेटाबेसशी बोलणाऱ्या तयार कोडचा संच, काम करते. सर्व्हर बदलतो, लायब्ररी बदलते, प्रोग्राम मात्र तोच राहतो. म्हणून खान्देशात जिनिंग, दाल मिल, केळीचे गट यांच्यासाठी अशी लायब्ररी लिहिणाऱ्या आणि सांभाळणाऱ्या सर्वांना आमचे कळकळीचे सांगणे आहे: एकदा लोकांच्या हाती दिलेले फंक्शन (प्रोग्राम नावाने बोलावतो तो लायब्ररीतला कामाचा तुकडा) बदलू नका. नवे हवे असेल तर त्याच्या शेजारी नव्या नावाने उभे करा.

बिघाड कसा होतो ते नीट पाहू. जोडणीची माहिती हेडर फाइलमधल्या (लायब्ररी कशी वापरायची ते कंपाइलरला सांगणाऱ्या फाइलमधल्या) उघड्या स्ट्रक्चरमध्ये, म्हणजे ठरलेल्या क्रमाने मांडलेल्या माहितीच्या गठ्ठ्यात, ठेवली आहे असे धरा: होस्ट, पोर्ट, युजरनेम, पासवर्ड. ६४ बिटी यंत्रावर तीन पॉइंटर (मजकूर मेमरीत कुठे आहे ते सांगणारे पत्ते) प्रत्येकी ८ बाइटचे, पोर्ट ४ बाइटचा, आणि पुढचा पॉइंटर आठच्या पटीत बसावा म्हणून कंपाइलरने सोडलेले ४ रिकामे बाइट. एकूण ३२. शून्यापासून मोजले तर युजरनेम १६ वर, पासवर्ड २४ वर. नव्या आवृत्तीत कोणी पोर्टनंतर डेटाबेसच्या नावाचा पॉइंटर घालतो. जुना प्रोग्राम मात्र जुन्याच जागांवर माहिती भरतो. आता नवी लायब्ररी १६ वर डेटाबेसचे नाव शोधते आणि तिला युजरनेम सापडते. २४ वर युजरनेम शोधते आणि पासवर्ड उचलते. पासवर्डसाठी तर ती स्ट्रक्चरच्या हद्दीबाहेर वाचते. तिथेच प्रोग्राम कोसळला नाही, तर पासवर्ड युजरनेम म्हणून सर्व्हरकडे जातो आणि फसलेल्या लॉगिनच्या नोंदीत लॉगमध्ये उघडा पडतो.

‘मग नवे सदस्य शेवटी जोडू’ असे म्हणून सुटका होत नाही. स्ट्रक्चर ४० बाइटचे होते, जुन्या प्रोग्रामने जागा ३२ चीच ठेवलेली असते. लायब्ररीचे सुरुवातीचे फंक्शन ४० बाइट शून्य करते तेव्हा शेजारच्या चलाचे ८ बाइट पुसले जातात. सर्वांत फसवा प्रकार तिसरा आहे. चार बाइटची टाइमआउट (किती वेळ वाट पाहायची तो आकडा) पोर्टनंतरच्या त्या रिकाम्या जागेत अगदी चपखल बसते, आकार ३२ च राहतो, आकार तपासणारी चाचणीही उत्तीर्ण होते. पण जुन्या प्रोग्रामने तिथे काहीच लिहिलेले नसते. जो कचरा असेल तो टाइमआउट म्हणून वाचला जातो, आणि जोडणी कधी लागते, कधी लागत नाही.

उपाय जुना आणि पारखलेला आहे: स्ट्रक्चरचा आतला भाग हेडरमध्ये दाखवूच नये, फक्त पॉइंटर द्यावा, भरायला आणि वाचायला फंक्शने द्यावीत. पोस्टग्रेस या डेटाबेसच्या लिबपीक्यू या सी लायब्ररीत जोडणीचे स्ट्रक्चर असेच झाकलेले आहे. त्या लायब्ररीचा मुख्य क्रमांक (जुन्या प्रोग्रामशी जुळणे तुटले की वाढवायचा) २००६ च्या ८.२ आवृत्तीपासून ५ च आहे. तिच्याकडूनही एक धडा घेता येतो. जोडणीच्या एका जुन्या फंक्शनला सात ठरलेले पॅरामीटर (फंक्शनला द्यायच्या किमती) आहेत. त्यातल्या चौथ्याचा, टीटीवायचा, आता काहीही उपयोग नाही, तरी तो काढता येत नाही. म्हणून २०१० च्या ९.० आवृत्तीत नाव आणि किंमत यांच्या जोड्या घेणारे वेगळे फंक्शन आले. त्यानंतर नवा पर्याय म्हणजे एक नवे नाव, फंक्शनची सही, म्हणजे पॅरामीटरची ठरलेली यादी, तशीच.

परताव्याच्या, म्हणजे फंक्शन परत देते त्या किमतीच्या, प्रकाराचेही तसेच. रक्कम पैशांत ठेवून ती ३२ बिटी पूर्णांकात परत करणारे फंक्शन २ कोटी १४ लाख ७४ हजार ८३६ रुपये ४७ पैशांपर्यंतच टिकते. हंगामात मोठ्या जिनिंगची खरेदी ही रेघ सहज ओलांडू शकते. अशा वेळी त्याच फंक्शनचा प्रकार ६४ बिटी करू नये, शेजारी ६४ बिटी फंक्शन द्यावे. एसक्यूलाइट या डेटाबेसने बदललेल्या ओळींची संख्या सांगणाऱ्या फंक्शनबाबत २०२१ मध्ये हेच केले. जुनेही चालू, नवेही चालू.

मजकुराची लांबी बाइटमध्ये की अक्षरांत, हे हेडरमध्येच लिहा. मराठीत ही चूक लगेच अंगावर येते. ‘जळगाव’ या शब्दात युनिकोडची पाच चिन्हे आहेत, यूटीएफ-८ मध्ये (ती साठवण्याच्या नेहमीच्या पद्धतीत) १५ बाइट, मजकूर संपल्याची खूण असलेल्या शेवटच्या शून्यासह १६. अवतरणचिन्हे सुरक्षित करणाऱ्या फंक्शनला पोस्टग्रेसमध्ये लांबीच्या दुप्पट अधिक एक एवढी जागा लागते, म्हणजे ३१ बाइट. पाच अक्षरे धरून ११ बाइट दिले तर पुढची मेमरी बिघडते. लायब्ररीने दिलेली मेमरी कोणी मोकळी करायची हेही लिहा. विंडोजवर डीएलएल (लायब्ररीची फाइल) आणि प्रोग्राम यांची रनटाइम, म्हणजे मेमरी देणारी-घेणारी आतली व्यवस्था, वेगळी असू शकते, म्हणून मोकळी करणारे फंक्शनही लायब्ररीनेच पुरवावे.

जुने फंक्शन कायमचे सांभाळावे लागेल का, असे विचारले जाते. नाही, पण त्याला रीतसर निरोप द्यावा. पांझरेच्या खोऱ्यात फडाचे (सामाईक सिंचनाच्या शेतांचे) पाणी फिरवताना जुनी चारी बुजवण्याआधी नव्या चारीला पाणी लागते का ते पाहतात, तसाच हा क्रम. आधी नवे फंक्शन आणा. मग जुन्याचे आतले काम नव्याकडूनच करून घ्या, म्हणजे दोन ठिकाणी दुरुस्ती नको. पुढच्या आवृत्तीत त्यावर ‘वापरू नये’ अशी खूण करा, त्यामुळे कंपाइल करताना सूचना दिसते. किमान दोन मोठ्या आवृत्त्या जाऊ द्या. काढायचेच झाले तर लायब्ररीचा मुख्य क्रमांक वाढवा, म्हणजे जुना प्रोग्राम जुनीच लायब्ररी मागेल. क्रमांक तोच ठेवून फंक्शन काढले, तर प्रोग्राम सुरूच होणार नाही, किंवा चालता चालता भर हंगामात थांबेल.

एक चाचणी मात्र कोणीही टाळू नये. जुन्या हेडरवर कंपाइल केलेला छोटा प्रोग्राम जपून ठेवा आणि पुन्हा कंपाइल न करता नव्या लायब्ररीवर चालवा. नव्याने कंपाइल केले की स्ट्रक्चरमधली वरची सगळी गफलत झाकली जाते, म्हणून नेहमीच्या चाचण्यांत ती सापडत नाही. दोन आवृत्त्यांची तुलना करणारे एबीआयडिफ हे मोफत साधनही हाताशी ठेवा.

जिनिंग आणि मिलच्या मालकांनी सॉफ्टवेअर घेताना सोर्स कोड, ज्यावर कंपाइल केले ते हेडर आणि लायब्ररीचा नेमका क्रमांक लेखी मागून घ्यावा. लायब्ररी बदलायची असेल तर काटा बंद असतो त्या पावसाळ्यात बदलावी, आणि जुनी फाइल त्याच यंत्रावर वेगळ्या फोल्डरमध्ये हंगाम संपेपर्यंत ठेवावी.

— डेटाबेसवर काम करणारे काही प्रोग्रामर, जळगाव