खडकाळ टेरेनच्या संचातील प्रायमरमुळे फोम विरघळल्याबाबत तक्रार

प्रति,
ग्राहक सेवा विभाग

विषय : संचातील स्प्रे प्रायमर व त्यासोबतच्या सूचनापत्रकातील चुकीच्या सूचनेमुळे झालेले नुकसान

महोदय,

टेबलावरच्या युद्धखेळांसाठी खडकाळ टेरेन (म्हणजे छोट्या सैनिकांच्या खेळासाठी भूप्रदेशाची प्रतिकृती) बनवण्याचा आपला संपूर्ण संच मी मागवला होता. त्यात एक्सपीएस या हलक्या, कडक फोमचे चार तक्ते, खडकांचे सिलिकॉन साचे, प्लास्टर ऑफ पॅरिस, पांढरा गोंद, बारीक खडी आणि काळ्या प्रायमरचा (रंगकामाआधी द्यायच्या पहिल्या थराचा) एक स्प्रे कॅन होता. या प्रायमरने माझे जवळजवळ पूर्ण झालेले काम नासवले. त्याबद्दल ईमेल केल्यावर आपल्याकडून आलेले उत्तर मला मान्य नाही, म्हणून हे पत्र सविस्तर लिहीत आहे.

तीन आठवडे रोज संध्याकाळी बसून मी दोन सुळके आणि त्यांच्यामधली घळ असा देखावा उभा केला होता. फोमचे तक्ते एकावर एक चिकटवून त्यांच्या कडा सुरीने न कापता बोटांनी मोडल्या, कारण मोडलेली कड खऱ्या खडकासारखी वेडीवाकडी दिसते. मग ॲल्युमिनियम फॉइलचा चुरगळलेला गोळा दाबून पृष्ठभागावर दगडाचा खरखरीतपणा आणला. २८ मि.मी. मापाचे छोटे सैनिक खेळताना घसरून पडू नयेत, म्हणून प्रत्येक कपारीत २५ मि.मी.चा बेस (सैनिकाच्या पायाखालची चकती) नीट बसेल एवढी सपाट जागा मोजून ठेवली होती. साच्यांतून काढलेले प्लास्टरचे खडक उत्तम निघाले, हेही प्रामाणिकपणे नमूद करतो.

आपल्या सूचनापत्रकाची सातवी पायरी सांगते की गोंद वाळल्यावर प्रायमर थेट संपूर्ण देखाव्यावर फवारावा. मी तसेच केले. काही क्षणांतच बारीक चरचर ऐकू आली आणि डाव्या सुळक्याची वरची कड माझ्या डोळ्यांदेखत आत खचू लागली. थरांच्या रेषा पुसल्या गेल्या, कपारींच्या सपाट जागांना खळगे पडले आणि प्लास्टरचे खडक मात्र त्या चाळण झालेल्या उतारावर जसेच्या तसे उभे राहिले. मला ज्वालामुखीचा सच्छिद्र दगड बनवायचा असता तर कदाचित मी आपले आभारच मानले असते, आणि काही हौशी लोक मुद्दाम हाच प्रयोग करतातही. पण माझ्या त्या कपारींवर आता एकही सैनिक सरळ उभा राहत नाही.

कॅन फार जवळ धरल्यामुळे असे झाले, असे आपल्या प्रतिनिधींनी कळवले. मी तो सुमारे ३० सें.मी. अंतरावर धरला होता. तरीही शंका नको म्हणून उरलेल्या फोमचे दोन तुकडे घेतले, त्यांतील एकावर पांढरा गोंद आणि ॲक्रिलिक रंग यांच्या मिश्रणाचे दोन हात ब्रशने दिले, पूर्ण वाळू दिले आणि मग दोन्ही तुकड्यांवर तेवढ्याच अंतरावरून तोच प्रायमर फवारला. उघड्या तुकड्याला लगेच खड्डे पडले. लेप दिलेला तुकडा शाबूत राहिला; फक्त त्याच्या एका कोपऱ्यात, जिथे माझा ब्रश पोहोचला नव्हता, तिथे मटाराएवढे भोक पडले. अंतर सारखे असताना फरक पडला तो केवळ लेपामुळे, यापेक्षा स्पष्ट पुरावा मी घरबसल्या आणखी कोणता देणार?

कारणही गूढ नाही. एक्सपीएस म्हणजे पॉलिस्टायरीनच, आणि अशा स्प्रेमध्ये असणाऱ्या ॲसिटोनसारख्या द्रावकांत ते विरघळते. आपल्याच कॅनच्या तळाशी, भिंगाशिवाय वाचता येणार नाही अशा अक्षरांत, ‘पॉलिस्टायरीनवर वापरू नये’ असे छापलेले आहे. म्हणजे कॅन जे करू नका म्हणतो, नेमके तेच करायला सूचनापत्रक सांगते, आणि दोन्ही वस्तू एकाच खोक्यातून येतात. चूक हाताळणीची नसून संच जुळवणाऱ्याची आहे. (फोमच्या दोन तक्त्यांमध्ये गोंदाचा सलग थर देऊन तो एका तासात वाळेल, हेही पत्रकातील विधान बरोबर नाही, आत हवाच पोहोचत नसल्यामुळे माझा गोंद दोन दिवसांनीही मधोमध ओला होता. पण त्यासाठी मी भरपाई मागत नाही.)

माझी मागणी अशी आहे की फोमचे चारही तक्ते आपण बदलून द्यावेत आणि स्प्रेऐवजी ब्रशने लावायचा, पाण्यात मिसळणारा प्रायमर पाठवावा. पुढच्या खरेदीवर सवलतीचे जे कूपन आपण देऊ केले आहे, ते मी नाकारत आहे. सातवी पायरी तातडीने दुरुस्त करावी आणि हा संच ज्यांनी आधीच घेतला आहे, त्यांना प्रायमर फवारण्यापूर्वी फोमला लेप देण्याची सूचना ईमेलने कळवावी, कारण त्यांच्यापैकी काहींचे सुळके अजून शाबूत असतील.

खराब झालेल्या देखाव्याची, दोन्ही चाचणी तुकड्यांची आणि कॅनच्या तळाची छायाचित्रे सोबत जोडली आहेत. १५ दिवसांत लेखी उत्तराची अपेक्षा आहे. तोपर्यंत कॅन आणि तुकडे मी जपून ठेवत आहे, आपल्याला तपासणीसाठी हवे असल्यास पाठवीन.

आपला,
एक ग्राहक