बेचाळीस मिनिटांबद्दल आभार

आदरणीय कॅप्टन साहेब,
सप्रेम नमस्कार.

तुम्ही मला ओळखत नाही. मी तुमच्या विमानात बाविसाव्या रांगेत खिडकीशी बसले होते. तुम्ही बेचाळीस मिनिटं विमानतळाभोवती घिरट्या घालत होता तेव्हा तुमच्यावर सगळ्यात मोठ्यांदा वैतागलेली बाई म्हणजे मीच. कॉकपिटचं दार बंद असल्यामुळे ते तुमच्या कानावर गेलं नसणार. पण आभार मानायचे तर आधी हे कबूल करायला हवं.

उड्डाणाला दहाएक मिनिटं झाली असतील. पायांखालून कुठून तरी करवत चालावी तसा आवाज आला आणि थांबला. विमान वर चढायचंही थांबलं. मग तुमचा आवाज आला, अगदी रोजच्यासारखा: "एका हायड्रॉलिक यंत्रणेत बिघाड झाला आहे. विमान आमच्या पूर्ण ताब्यात आहे. आपण परत फिरतोय, पण उतरण्याआधी काही कामं आहेत, त्यांना वेळ लागेल. पंधरा मिनिटांनी पुन्हा बोलतो."

मी घड्याळ लावूनच बसले होते. बरोबर पंधराव्या मिनिटाला तुम्ही बोललात. सांगायला नवीन काही नव्हतं, "काम चालू आहे, सगळं ठीक आहे" एवढंच. तरी बोललात. तेव्हा त्याची किंमत कळली नाही, कारण तोवर खिडकीतून मला धावपट्टी दिसली होती. मग ती दुसऱ्यांदा दिसली आणि पुन्हा मागे गेली. माझा संयम सुटला. "अहो, खाली धावपट्टी दिसतेय ना? मग उतरवत का नाहीत? कशाची वाट बघतायत?" पुढच्या रांगेतून कुणीतरी म्हणालं, "जमत नसेल." दोघं-तिघं हसले. मीही हसले, हे लिहिताना लाज वाटते.

ती बेचाळीस मिनिटं कशात गेली, हे मला नंतर ओळखीतल्या एका वैमानिकाने समजावलं. त्यांचा अंदाज असा. तेलाच्या दाबाने विमानाचे भाग हलवणारी ही हायड्रॉलिक यंत्रणा गेली की फ्लॅप, म्हणजे उतरताना पंखांच्या मागून उघडणारे पडदे, नेहमीसारखे उघडतील याची खात्री नसते. ते कमी उघडले तर जास्त वेगाने उतरावं लागतं, आणि वेग जास्त म्हणजे धावपट्टी जास्त लांब लागते. ती पुरेल का, याचं गणित विमानाचं वजन, वारा आणि ब्रेकची स्थिती धरून नव्याने मांडायचं. चाकंही नेहमीच्या पद्धतीने खाली येत नाहीत. कॉकपिटमध्ये एक दांडा हाताने फिरवून त्यांची कुलपं सोडायची, मग ती स्वतःच्या वजनाने खाली पडतात. एकदा पडली की वर घेता येत नाहीत. म्हणजे उतरणं फसलं आणि पुन्हा वर जावं लागलं, तर चाकं लोंबकळत ठेवून भराभर इंधन जाळत जायचं. "म्हणून चाकं सोडायच्या आधीच सगळं दोनदा तपासतात," ते म्हणाले. "घाई करणारा वैमानिक मला विमानात बसलेला आवडत नाही. प्रवासी म्हणूनसुद्धा नाही." हा टोला मला होता.

त्यानंतर मी जे मिळेल ते वाचत सुटले. ४ नोव्हेंबर २०१० रोजी ऑस्ट्रेलियाच्या क्वांटास कंपनीच्या ए-३८० विमानाचं एक इंजिन सिंगापूरहून निघाल्यावर काही मिनिटांतच फुटलं. तुकड्यांनी पंख भेदला आणि पडद्यावर बिघाडाच्या सूचनांची रांग लागली. विमानात ४६९ माणसं होती. कॅप्टन रिचर्ड डी क्रेस्पिन्यी आणि त्या दिवशी कॉकपिटमध्ये असलेल्या आणखी चार वैमानिकांनी जवळजवळ पन्नास मिनिटं हवेतच त्या सूचना एकेक करून निस्तरल्या. काय काय बिघडलंय याची यादी संपेना, तेव्हा कॅप्टननी प्रश्नच उलटा केला: शाबूत काय आहे? एकालाही इजा झाली नाही. तिथेही बाविसाव्या रांगेत कुणीतरी माझ्यासारखं कुरकुरलं असेल का, असं मला वाटून गेलं.

त्याच्या अगदी उलट गोष्ट १५ जानेवारी २००९ची. न्यूयॉर्कच्या लाग्वार्डिया विमानतळावरून निघालेल्या ए-३२० विमानाच्या दोन्ही इंजिनांत हंस शिरले. पक्षी आदळल्यापासून हडसन नदीत उतरेपर्यंत २०८ सेकंद. तिथे घिरट्या नाहीत, गणितं नाहीत. दोन्ही इंजिनं बंद पडल्यावर वापरायची चेकलिस्ट खूप उंचावर, हाताशी वेळ असताना वापरायला केलेली. कॅप्टन सलेनबर्गर यांनी शेपटीतलं छोटं सहायक इंजिन लगेच सुरू केलं. यादीत ती पायरी बरीच खाली होती. त्यामुळे विमानाचा वीजपुरवठा आणि संगणकाचं संरक्षण टिकून राहिलं. त्यांच्यामागे १९ हजारांवर तासांचं उड्डाण होतं. विमानातले १५५ जण वाचले.

एकाने पन्नास मिनिटं घेतली, दुसऱ्याला साडेतीन मिनिटंही नव्हती. आपल्या हातात वेळ किती आहे हे दोघांनीही अचूक ओळखलं. चेकलिस्ट नवख्यालाही वाचता येते. पण आता धावायचं की थांबायचं, हे कुठल्याही कागदावर छापलेलं नसतं.

नुसत्या तासांवर माझा विश्वास नाही, हेही सांगते. २७ मार्च १९७७ रोजी स्पेनच्या टेनेरीफ बेटावर धुक्यात दोन जम्बो विमानं धावपट्टीवर धडकली आणि ५८३ माणसं गेली. परवानगी नसताना धाव घेतलेल्या विमानाचा कॅप्टन कंपनीतला अत्यंत ज्येष्ठ, इतरांना शिकवणारा वैमानिक होता. ड्यूटीच्या तासांची मर्यादा जवळ येत होती, निघायची घाई होती. समोरचं विमान धावपट्टीवरून हटलंय ना, अशी शंका फ्लाइट इंजिनीअरने बोलूनही दाखवली, पण ती तिथेच विरली. अशा अपघातांनंतर कॉकपिटमधल्या माणसांनी एकमेकांना कसं विचारायचं आणि कसं ऐकायचं, याचं वेगळं प्रशिक्षण सुरू झालं.

त्याचं फळ १९ जुलै १९८९ला दिसलं. अमेरिकेच्या युनायटेड कंपनीच्या डीसी-१० विमानाचं शेपटीतलं इंजिन फुटलं आणि तिन्ही हायड्रॉलिक यंत्रणा एकदम गेल्या. आपली एक गेली होती, साहेब, आणि मी एवढा आरडाओरडा केला! प्रवासी म्हणून बसलेले प्रशिक्षक वैमानिक डेनी फिच मदतीला आले, तर कॅप्टन अल हेन्स यांनी त्यांना कॉकपिटमध्ये घेतलं आणि इंजिनांचे थ्रॉटल त्यांच्या हाती दिले. उरलेल्या दोन इंजिनांचा जोर कमीजास्त करत त्यांनी ते विमान सू सिटीपर्यंत आणलं. उतरताना ते मोडलं, पेटलं, तरी २९६पैकी १८४ जण जगले.

हडसनवरच्या त्या विमानातही सलेनबर्गर यांनी शेवटच्या क्षणांत सहवैमानिक जेफ्री स्काइल्सना विचारलं होतं, काही सुचतंय का? त्या प्रकारच्या विमानावर स्काइल्सचे जेमतेम ३७ तास झाले होते. तरी विचारलं. म्हणून हे आभार तुमच्या शेजारी बसलेल्या मॅडमनाही पोहोचवा. दुसरी घोषणा तुम्ही केलीत, तेव्हा मागे त्या कुणाला तरी आकडे वाचून दाखवत होत्या, ते पुसटसं ऐकू आलं होतं.

चाकं पडली तेव्हा फरशीखाली तीनदा धप्प झालं. विमान खूप वेगात टेकलं, ब्रेक लागले, समोरच्या सीटवर टेकलेली माझी मनगटं दुखली, आणि आपण थांबलो. दोन्ही बाजूंना बंब होते. वळता येत नसल्यामुळे ट्रॅक्टरने ओढून नेलं.

तुम्ही दाराशी उभे होता. टोपी नव्हती, कॉलर घामाने ओली होती. प्रत्येकाला सांगत होता, "सांभाळून, पायऱ्या ओल्या आहेत." माझी पाळी आली. मी थांबले आणि तुम्हाला विचारलं, "माझं पुढचं विमान मिळेल का?"

तुम्ही हसला नाहीत, रागावलाही नाहीत. "खाली आमची माणसं आहेत, त्यांना विचारा. मीही सांगून ठेवतो," म्हणालात. आणि मी पायऱ्या उतरून गेले.

त्या वेळी म्हणायचं राहिलं ते आता म्हणते. कॅप्टन साहेब, मनापासून आभार.

आपली,
बाविसाव्या रांगेतली प्रवासी

ता. क. पुढचं विमान चुकलं. तक्रार नाही.