चाचणीचा वेज आधी भट्टीवरच्या मामांच्या हातात देणाऱ्या सरांना

आदरणीय सर,

सप्रेम नमस्कार.

आमच्या ग्रे आयर्नच्या (बिडाच्या) पंप बॉडीची ५ मिलिमीटरची पातळ रिब पांढरी, म्हणजे कार्बाइडमुळे कडक येते, ड्रिल मोडतात, इन्सर्ट (कटिंगची टोकं) उडतात. यावर तुमच्या आधी आलेल्या सल्लागारांचा उतारा एकच होता: सिलिकॉन वाढवा. वाढवला. कार्बन इक्विव्हॅलंट (कार्बन-सिलिकॉनचा एकत्रित आकडा) ४.३ ला टेकला, जाड फ्लँजमध्ये ग्राफाइटच्या पाकळ्या भरड झाल्या आणि एफजी २६० (२६० मेगापास्कल ताकदीची ग्रेड) चा टेस्ट बार २६० ला पोचेना. मग म्हणाले, ताकदीसाठी क्रोम टाका. क्रोम कार्बाइड धरून ठेवतो, त्यामुळे रिब आणखीच कडक झाली. बिल मात्र वेळेवर आलं.

तुम्ही स्पेक्ट्रोच्या (धातूची रासायनिक तपासणी करणाऱ्या यंत्राच्या) कागदावर थेट गंधकाच्या आकड्यावर बोट ठेवलंत: ०.०३ टक्के. गंधक जितकं कमी तितकं बरं, हे एसजी आयर्नचं (गोल ग्राफाइटवाल्या बिडाचं) गणित. ग्रे आयर्नमध्ये ग्राफाइट उगवतो तो मँगनीज सल्फाइडच्या कणांवर, म्हणून गंधक ०.०५ च्या खाली गेलं की इनॉक्युलंट (ग्राफाइट उगवायला मदत करणारी भर) टाकूनही लागू पडत नाही. पिग आयर्न कमी करून पत्र्याचं भंगार वाढवलं की हेच होतं, वर भंगारातलं मँगनीज आणि क्रोम फुकटात येतात. मँगनीज ०.८५ होतं. गंधकाची १.७ पट अधिक ०.३ या हिशोबाने ०.३५ पुरे, वरचं सगळं कार्बाइडच्या पदरात.

आता आयर्न सल्फाइड टाकून गंधक ०.०७ वर, क्रोम ०.१ च्या आत, सिलिकॉन परत २.० वर. ताकदीसाठी तांबं ०.६: ते पर्लाइट (ताकद देणारी रचना) वाढवतं, चिल (पांढरेपणा) वाढवत नाही. इनॉक्युलंट म्हणून बेरियमवालं फेरोसिलिकॉन ०.३ टक्के, लॅडलच्या (ओतायच्या भांड्याच्या) तळाशी ढीग घालून नव्हे, भरताना धारेत. आणि आठ मिनिटांत ओतून मोकळं, नाहीतर त्याचा असर उतरतो.

पण आभार खरे वेगळ्याच गोष्टीचे. वेज, म्हणजे चाचणीसाठी ओतलेला पाचरीसारखा तुकडा, फोडल्यावर बाकीचे हात पुढे झाले असताना तो तुम्ही भट्टीवरच्या मामांना दिलात आणि विचारलंत, "मामा, पांढरं कुठवर दिसतंय, तुम्हीच सांगा." त्यांना असं आजवर कुणी विचारलं नव्हतं. येणारे सगळे ऑफिसात बसून बोलायचे, ज्ञान मुठीत धरून. जाणता माणूस असा उघड्या हाताने वागला की काम शिकावंसं वाटतं.

आता प्रत्येक हीटचा (वितळणीचा) वेज मामाच फोडतात. पांढरी पट्टी ४ मिलिमीटरच्या वर दिसली तर "थांबा रे" म्हणतात, आणि मालकही थांबतात.

आपले नम्र,
मेल्टिंग विभागातील सर्वजण