कापूस उसना नव्हे

रविवारच्या पुरवणीतील लेखात ‘कापूस’ हा शब्द फारसीतून मराठीत आल्याचे म्हटले आहे, ते चूक आहे. संस्कृत ‘कर्पास’, प्राकृत ‘कप्पास’ आणि त्यातून आपला कापूस, अशी ही वाट आहे. फारसीतले ‘कर्बास’ म्हणजे जाडेभरडे सुती कापड, हिब्रूतले ‘कर्पस’ आणि ग्रीक ‘कार्पासोस’ याच शब्दाची रूपे. लॅटिन ‘कार्बासुस’चा अर्थ तर जहाजाचे शीड असाही झाला! कापडाबरोबर नावही परदेशी गेले. इंग्रजी ‘कॉटन’ मात्र अरबी ‘कुत्न’वरून आला. आमच्याकडे शेतात उभी असते ती पऱ्हाटी; बोंडातून वेचून ओटीत पडतो तो कापूस. गावातली शाळकरी मुले ही पुरवणी कापून वहीत चिकटवतात. कृपया दुरुस्ती छापावी.

– एक कापूस उत्पादक, जि. यवतमाळ