तारीख टाकायची राहिली

मा. संपादक,
स. न.

कालच्या पुरवणीतला समाजमाध्यमांवरचा लेख वाचला. 'शाप की वरदान' हा विषय मी आठवीच्या मुलींना निबंधाला देत असे, तेव्हा टीव्हीवर. लेखकमहाशयांनी टीव्ही खोडून मोबाइल लिहिले आहे, एवढेच. असो.

ऑगस्ट 2019 मध्ये सांगलीत आयर्विन पुलापाशी कृष्णेचे पाणी 57 फुटांवर गेले, तेव्हा मी व्हॉट्सअॅपवर टाकले होते, 'पूरग्रस्तांसाठी दोन खोल्या आहेत. जेवणाची सोय होईल. रात्री-अपरात्री फोन करा.' खाली माझा नंबर. तासाभरात गावभागातली अकरा माणसे दारात, त्यात एक ओली बाळंतीण. त्या बाळाच्या बारशाला मी जाऊन आले. फायद्याचे म्हणाल तर याहून मोठा मला ठाऊक नाही.

फक्त तारीख टाकायची राहिली. गावाचे नावही.

22 जुलै 2021 ला चिपळूण बुडाले आणि तोच मेसेज पुन्हा फिरला. मधल्या कुणा परोपकारी गृहस्थाने वर 'चिपळूण' आणि शेवटी 'बोटीची सोय' जोडली होती. रात्री पुण्याहून एका मुलाचा फोन. आईवडील माळ्यावर अडकलेत, बोट कधी निघेल? मी सांगलीत, आमच्याकडे साधी सायकल नाही. तो ओरडला, "मग मेसेज टाकता कशाला?" काय सांगणार? त्यानंतर दर पावसाळ्यात फोन येतात.

धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात 2018 मध्ये मुले पळवण्याच्या अफवेवरून जमावाने पाच जणांना मारले, त्यानंतर व्हॉट्सअॅपने मेसेज पुढे पाठवण्यावर आणलेल्या 'एका वेळी पाचच ठिकाणी' या मर्यादेचे आपल्या लेखकाला भारी कौतुक. पाच ठिकाणी म्हणजे तेव्हा पाच ग्रुपही चालत हो. एका ग्रुपात 256 माणसे मावत. गुणाकार त्यांनीच करावा. नंबर बदला म्हणणाऱ्यांनी माझी पेन्शन, बँक, आधार आणि गॅस यांच्या खिडक्यांवर माझ्याऐवजी उभे राहावे.

आणि हो, गेल्या पावसाळ्यात आपण 'कृष्णा कोपली' म्हणून पहिल्या पानावर छापलेला फोटो 2019 चाच होता. पाणी तेव्हा इशारा पातळीच्या कितीतरी खाली होते. भाची मुंबईहून रडत फोन करत होती. दिलगिरी छापलीत, पण सातव्या पानावर, राशिभविष्याखाली.

आपल्या नियमाप्रमाणे सोबत मोबाइल नंबर दिला आहे. तो कृपया छापू नये.

एक निवृत्त शिक्षिका,
विश्रामबाग, सांगली