रिकामी खुर्ची कोणती?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या गुरुवारच्या अंकात जिल्हा पानावर आमच्या प्राथमिक आरोग्य केंद्राची बातमी आली होती. मथळा होता, ‘मॅडमची दांडी, रुग्णांची कोंडी’. शाळामास्तर असल्यामुळे यमक बरं जुळलंय एवढं मान्य करतो. सोबत वैद्यकीय अधिकाऱ्यांच्या रिकाम्या खुर्चीचा फोटो, खाली ‘मंगळवारी सकाळी साडेदहाची स्थिती’. त्या खुर्चीवर बसणाऱ्या बाई माझ्या पत्नी. गावात मला कोणी नावाने ओळखत नाही. मी ‘मॅडमचे मिस्टर’. पती-पत्नी एकत्रीकरणात बदली मिळून पाच वर्षांपूर्वी इथल्या शाळेवर आलो, तेव्हापासून आम्ही केंद्राच्या आवारातल्या क्वार्टरमध्ये राहतो.

तिला सेवेच्या नियमांमुळे वृत्तपत्रात लिहिता येत नाही. मला येतं की नाही तेही मी विचारलेलं नाही, म्हणून नाव छापू नये ही विनंती.

मंगळवार कसा उजाडला ते सांगतो. रात्री दोन चाळीसला खिडकी वाजली. क्वार्टरची बेल दोन पावसाळ्यांपूर्वी ओल धरून गेली, पण कोणाचं अडत नाही. आमच्या झोपण्याच्या खोलीची खिडकी कोणती हे अख्ख्या पंचक्रोशीला ठाऊक आहे. बाहेर धो धो पाऊस आणि घोंगडीत गुंडाळलेलं अकरा वर्षांचं पोर घेऊन बाप उभा. “सर, म्याडमना उठवा, पोराचे डोले उघडत नाय.” झोपेतून पोटात दुखतं म्हणून पोर उठलं होतं. घरच्यांनी गॅस समजून ओवा दिला, पोट शेकलं. तासाभराने पापण्या खाली यायला लागल्या.

हिने अंगावर कुठे सापाचा चावा आहे का ते शोधायच्या आधी एकच विचारलं, “जमिनीवर निजला होता का?” हो. मग तिचा चेहरा बदलला. मण्यार रात्री अंथरुणात शिरते, दंशाची खूण बहुतेक वेळा सापडतही नाही, सूज नाही, आग नाही. फुरसं चावलं तर पाय सुजतो, रक्त गोठत नाही, काचेच्या नळीत रक्त घेऊन वीस मिनिटं न हलवता ठेवलं की कळतं. मण्यारीचं तसं काही नाही. आधी पापण्या, मग गिळणं, मग श्वास. पंधरा वर्षांच्या संसारात मी एवढं शिकलोय.

विषावरच्या लसीच्या दहा बाटल्या काढल्या. ही लस भुकटीच्या रूपात असते, पाणी घालून ती विरघळवावी लागते. घाईत बाटली हलवली तर फेस होतो, म्हणून दोन तळव्यांत धरून हळूहळू फिरवायची. सिस्टर, शिपाई आणि मी, तिघे टेबलाभोवती बसून बाटल्या फिरवत होतो. नियमात बसतं का ते विचारू नका, रात्री तीन वाजता चौथं माणूस आणायचं कुठून? १०८ला फोन केला तर गाडी हायवेवरच्या अपघातावर गेलेली. मग केंद्राचीच रुग्णवाहिका काढली. तिच्यात डॉक्टर नसतो, म्हणून हीच चढली. जिल्हा रुग्णालय अठ्ठावन्न किलोमीटर, त्यात घाट. पोराचा श्वास मंदावत चालला होता. तोंडावर मास्क धरून रबरी पिशवी दर तीन-चार सेकंदांनी दाबायची, पिशवी थांबली की श्वास थांबला. जवळजवळ दोन तास ती तेवढंच करत होती. नंतर दोन दिवस तिला पोळी लाटता आली नाही. पोर आठ दिवसांनी घरी आलं. ते तुमच्या बातमीत नाही, आणि असावं असंही माझं म्हणणं नाही.

आता साडेदहाचं. त्याच मंगळवारी तिला जिल्ह्याच्या कोर्टात अकरा वाजता साक्षीचं समन्स होतं, तीन वर्षांपूर्वी केलेल्या एका शवविच्छेदनाबद्दल. परत येऊन पुन्हा जाण्याइतका वेळ नव्हता. अंगावर घरातला पंजाबी ड्रेस, पायात बाथरूमच्या स्लिपर. तिथे एक चुलत नणंद राहते, तिच्याकडे तोंड धुऊन, तिची ओढणी घेऊन ही स्लिपरवरच कोर्टात गेली. दीड वाजता कळलं की आरोपीचे वकील आजारी आहेत, पुढची तारीख. दोनची एसटी पकडून ती परतली आणि चारच्या ओपीडीला खुर्चीत बसली. मी शाळेतून आलो तेव्हा बाहेर पंधरा-वीस माणसं होती आणि आत ती केसपेपरवर औषध लिहीत होती, त्याच स्लिपरांत.

कोर्टाचं समन्स आणि रुग्णासोबतचा प्रवास, दोन्ही हालचाल नोंदवहीत लिहिलेलं आहे. ती वही त्या खुर्चीपासून चार पावलांवर, औषधनिर्मात्याच्या टेबलावर असते. तुमच्या प्रतिनिधीने फोटो काढला, वही उघडली नाही.

तरीही एक कबूल करतो. त्या सकाळी जे लोक ताटकळले त्यांचा राग खोटा नव्हता. वरच्या वाडीतून एक बाई तापलेलं तान्हं घेऊन दीड तास चिखल तुडवत आली होती. सिस्टरने औषध दिलं, पण तिला डॉक्टर हवी होती आणि तिचं बरोबर होतं. ती माऊली माझ्या दारात येऊन मला चार शब्द ऐकवून गेली. मी ऐकून घेतले. ही कटकट नवऱ्याच्या वाट्याची, आता सवय झालीय.

डोंगरी भागात २० हजार लोकवस्तीमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र, असा सरकारी निकष. आमच्या केंद्राला मंजूर पदं दोन वैद्यकीय अधिकाऱ्यांची आहेत. दुसरं पद चौदा महिने रिकामं आहे. आधी एक बंधपत्रित डॉक्टर होता, चांगला मुलगा. त्याच्या वेळी एमबीबीएस झाल्यावर सरकारी सेवेचं वर्ष भरावं लागायचं, नाहीतर दहा लाख रुपये दंड. दिवसा ओपीडी, रात्री पीजीच्या परीक्षेचा अभ्यास. वर्ष संपलं, जागा मिळाली, गेला. त्याला मी नावं ठेवणार नाही, माझा मुलगा असता तरी मी त्याला हेच सांगितलं असतं. तो गेल्यापासून त्याच्या खोलीत ओआरएसचे खोके रचलेत आणि त्याची खुर्ची खोक्यांमागे उलटी करून ठेवलीय. रिकाम्या खुर्चीचाच फोटो हवा होता तर तो तिथे मिळाला असता, कोणत्याही दिवशी, कोणत्याही वेळी.

एकटी डॉक्टर असली की तालुक्याच्या आढावा बैठकीला तीच, लसीकरणाच्या सत्रावर तीच, पोर्टलवर आकडे भरले नाहीत म्हणून खुलासा देणारीही तीच. गावाबाहेरच्या शवविच्छेदनगृहात वीज नाही, म्हणून तिथलं काम उजेड आहे तोवर उरकावं लागतं. मग ओपीडी अर्धी टाकून जावं लागतं. तिथून आली की ती मागच्या दाराने थेट मोरीत. माझी आई गरम पाण्याची बादली भरून बाजूला होते, आणि हिची आंघोळ होईपर्यंत आमच्या लेकीने हिच्याजवळ जायचं नाही हा घरचा नियम.

आईचा विषय निघालाच आहे तर सांगतो. तिला मधुमेह आहे. सून डॉक्टर असूनही साखर तपासायची राहते, आज उद्या करता करता महिना जातो. मागच्या मार्गशीर्षात आईने काय करावं? सकाळी लुगडं नेसून, केसपेपर काढून बायकांच्या रांगेत जाऊन बसली. सव्वा तासाने नंबर लागला. सूनबाईंनी मान वर न करता विचारलं, “काय होतंय?” आई म्हणाली, “सून भेटत नाही.” सिस्टर अजून ही गोष्ट प्रत्येक नव्या माणसाला सांगते. साखर २६० निघाली होती, ते मात्र सांगायला विसरते.

लेकीचा वाढदिवस नऊ तारखेला. २०१६ पासून दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यांत गरोदर बायांची तपासणी असते. लेक यंदा नऊ वर्षांची झाली आणि तिच्या एकाही वाढदिवसाला सकाळी आई घरात नव्हती. तिच्या डोक्यात गणित पक्कं आहे, आपला केक रात्रीच असतो. वर्गातल्या मैत्रिणीने सकाळी औक्षण झाल्याचं सांगितलं तेव्हा तिने मला विचारलं, “तिची आई नऊ तारखेला रिकामी असते?”

बातमी आली त्या दिवशी हिने पेपर वाचला, घडी घातली आणि म्हणाली, “फोटोत पंख्यावरची धूळ दिसते. शिपायाला सांगायला हवं.” दुसरं काही बोलली नाही. रात्री मात्र दोनदा उठून खिडकीशी जाऊन आली. खिडकी वाजलीच नव्हती.

तुमच्या प्रतिनिधीवर माझा राग नाही. त्यांनी पुन्हा यावं. दुसऱ्या पदाची जाहिरात किती वेळा निघाली, कोण रुजू झालं, कोण का आलं नाही, हे तालुका आणि जिल्हा कार्यालयात विचारून छापावं. आवारात पावसात गळणारी क्वार्टर बघावी, रुजू व्हायला आलेले दोन डॉक्टर तीच बघून परत गेले. दिवसा जमणार नसेल तर रात्री या, चहा मी करीन. बेल बंद आहे, उजवीकडची दुसरी खिडकी वाजवा.

आपला,
एका वैद्यकीय अधिकाऱ्याचा नवरा