त्या इंजेक्शनांची धास्ती घेऊ नका

ती. आई आणि बाबा,
सा. न.

मांडीच्या स्क्लेरोथेरपीला, म्हणजे शिरेत औषध टोचून ती बंद करायला, तुम्हा दोघांची ना नाही, हे मला ठाऊक आहे. तुम्हाला धास्ती आहे ती त्याआधी सुरू होणाऱ्या रक्त पातळ करण्याच्या इंजेक्शनांची. बाबा, तुम्ही विचारलंत, रक्तस्रावाचा धोका असताना रक्त आणखी पातळ कशाला करायचं? प्रश्न रास्त आहे. फोनवर मला ते नीट सांगता येईना, म्हणून लिहायला बसले.

माझ्या मांडीतल्या त्या शिरा जन्मापासूनच नीट घडलेल्या नाहीत. त्यांच्या भिंतीत स्नायूचा थर तुटपुंजा आहे. त्यामुळे त्या फुगून राहतात आणि रक्त पुढे सरकायचं सोडून तिथेच साचतं. साचलं की गोठतं. थोडं गोठतं, थोडं विरघळतं, असं आत सतत चालू असतं. आई, मांडीत तुझ्या बोटांना जे टणक खडे लागायचे आणि तू चटकन हात काढून घ्यायचीस, त्या याच जुन्या गुठळ्या. कॅल्शियम साचून त्या कडक झाल्या आहेत, एक्स-रेत पांढऱ्या गोल ठिपक्यांसारख्या दिसतात. सकाळी उठल्यावर मांडी ठणकते, त्यामागेही बऱ्याचदा हेच असतं.

गुठळी बांधायला शरीर फायब्रिनोजेन नावाचं प्रथिन वापरतं. गुठळी विरघळली की तिचे बारीक तुकडे रक्तात येतात, त्यांचं मोजमाप म्हणजे डी-डायमर. माझ्या रिपोर्टमध्ये डी-डायमर बरंच चढलेलं आहे आणि फायब्रिनोजेन उतरलेलं. थोडक्यात, रक्त थांबवायचं सामान त्या मांडीतच खर्ची पडतंय आणि खरी जखम झाली तर ते अपुरं पडेल. अशा अवस्थेत स्क्लेरोथेरपी करायला गेलं, तर आतलं गोठणं एकदम भडकून अंगभर पसरू शकतं. मग रक्तस्राव आवरणं अवघड. हेपरिन, म्हणजे त्या इंजेक्शनांतलं औषध, आधीपासून दिलं की ही उधळपट्टी थांबते आणि फायब्रिनोजेन पुन्हा भरून येतं. म्हणजे रक्त पातळ करणाऱ्या औषधानेच रक्तस्रावाचा धोका कमी होतो. ऐकायला उलटं वाटतं, पण हे उमगलं तेव्हा मला रात्री शांत झोप लागली.

सगळ्यांनाच हेपरिन लागतं असं नाही. आजार छोट्या जागेपुरता असेल आणि रिपोर्ट ठीक असतील, तर बहुधा त्याची गरज पडत नाही.

बाबा, तुम्ही ‘कासाबाक-मेरिट’ नावाच्या आजाराबद्दल वाचून घाबरलात ना? 1940 साली कासाबाक आणि मेरिट या दोघा डॉक्टरांनी एका बाळाची हकीकत मांडली होती. तो आजार वेगळा. तो तान्ह्या मुलांमधल्या विशिष्ट गाठींमुळे होतो, त्यात प्लेटलेट्स पार खाली जातात आणि हेपरिन टाळतात. माझ्या प्लेटलेट्स जवळपास नॉर्मल आहेत. कितीतरी ठिकाणी या दोन्ही गोष्टी एकाच नावाखाली घातलेल्या असतात, त्याचा मला मनापासून राग येतो. तुमच्यासारखा काळजीने वाचणारा माणूस त्यात हकनाक भरडला जातो.

इंजेक्शन मीच घेणार आहे. नर्सने शिकवलंय. बेंबीपासून चार बोटं लांब, पोटाची कातडी चिमटीत धरायची, सुई सरळ आत घालायची आणि औषध सावकाश सोडायचं. सुई निघेपर्यंत चिमूट सोडायची नाही. नंतर ती जागा चोळायची नाही. तरी थोडे काळेनिळे डाग पडतील, ते बघून आई, तू रडू नकोस. प्रोसिजरच्या आधी डोस कधी थांबवायचा आणि नंतर कधी सुरू करायचा, ते डॉक्टर लिहून देणार आहेत.

धोका अजिबात नाही असं मी म्हणणार नाही. काळी शौच, लघवीतून रक्त, न थांबणारा घोळणा, असं काही झालं तर लगेच डॉक्टर. पाय एकाएकी सुजला तरी तेच. आणि अचानक धाप लागली, छातीत दुखलं किंवा खोकल्यातून रक्त आलं, तर सकाळची वाट न बघता थेट इमर्जन्सी, कारण गुठळी फुप्फुसात गेल्याची ती लक्षणं असू शकतात. तिथे आधी एवढंच सांगा की हिचं डी-डायमर एरवीही वाढलेलंच असतं. नुसत्या त्या आकड्यावरून त्यांना काही ठरवता येणार नाही, सोनोग्राफी किंवा सीटी लागेल. आणि बाबा, मला दुखलं तरी तुमच्या गुडघ्याची आयब्युप्रोफेन देऊ नका. हेपरिनबरोबर ती रक्तस्राव वाढवते.

आई, ‘माझ्या पोटात असतानाच काहीतरी चुकलं’ असं तू अजून म्हणतेस. तुझ्या खाण्यापिण्याने, कामाने किंवा दगदगीने हे झालेलं नाही. गर्भ घडताना एखाद्या पेशीतल्या जनुकात आपोआप बदल होतो, बहुतेक वेळा टीईके नावाच्या जनुकात. 2009 मध्ये ते शोधूनही काढलं गेलं. तो बदल सहसा आईवडिलांकडून येत नाही. इतकी वर्षं तू हे मनात धरून ठेवलंस, याचं मला फार वाईट वाटतं. आता सोड ते.

येताना माझी जुनी फाईल आणा. त्यात कपाटातल्या पिवळ्या पाकिटातले एमआरआय आणि आधीच्या सगळ्या डी-डायमरचे कागद हवेत. डॉक्टरांना जुने आकडे आणि आताचे शेजारी ठेवून बघायचे आहेत.

तुमची लेक